दिवंगत पोलीसप्रमुखावर चित्रपट काढला, मुलाची नोटीस आली

प्रश्न : आम्ही नाशिकचे तिघे मित्र स्वतःच्या पैशांतून एक मराठी चित्रपट करतो आहोत. राज्याच्या पोलीस दलात फार वरच्या हुद्द्यावर पोहोचलेल्या, चकमकींमुळे गाजलेल्या आणि वादातही सापडलेल्या एका अधिकाऱ्याचं हे आयुष्य. ते आता हयात नाहीत. चित्रीकरण जवळपास संपलं आहे. टीझर यूट्यूबवर टाकला आणि आठवड्याभरात त्यांच्या मुलाच्या वकिलांची नोटीस आली : कुटुंबाची परवानगी घेतलेली नाही, वडिलांच्या खासगीपणाचा भंग झाला, १५ दिवसांत टीझर काढा, पटकथा दाखवा, नाहीतर २ कोटींचा दावा. तोंडी निरोप असा की २५ लाख द्या आणि पटकथेवर त्यांची मान्यता घ्या, म्हणजे प्रश्न मिटला. आमच्याकडे न्यायालयांचे निकाल आहेत, चौकशी आयोगाचा अहवाल आहे, सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, बसून घेतलेली जुन्या वर्तमानपत्रांची टिपणं आहेत, दोन निवृत्त हवालदारांच्या मुलाखती आहेत आणि साहेबांच्या जुन्या ऑर्डर्लीने दिलेली त्यांची डायरीही आहे. एका चकमकीचा खटला अजून चालू आहे. नाव बदललं तर सुटू का? आणि हॉलिवूडवाल्यांनी एडगर हूव्हरवर चित्रपट काढला तेव्हा कोणाची परवानगी घेतली होती?

उत्तर : पैसे देऊ नका आणि कुठल्याही कागदावर सही करू नका. सार्वजनिक पदावरच्या माणसाने पदावर असताना जे केलं, ते पडद्यावर दाखवायला त्याची किंवा त्याच्या घरच्यांची परवानगी लागत नाही. मात्र परवानगी लागत नाही म्हणून पुरावाही लागत नाही, असं समजू नका. तुमचा चित्रपट तरेल तो कागदांवर, आणि तुमच्याकडचे सगळे कागद सारख्या वजनाचे नाहीत.

आधी परवानगीचं बघू. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू सरकार हा खटला आला. फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरचं आत्मचरित्र एक तमिळ साप्ताहिक छापणार होतं. त्यात बड्या अधिकाऱ्यांशी असलेल्या लागेबांध्यांचा उल्लेख होता आणि तुरुंग खात्याचे वरिष्ठ ते अडवू पाहत होते. न्यायालयाने सांगितलं की सरकारी नोंदींवर, त्यात न्यायालयीन नोंदीही आल्या, आधारलेलं लेखन संमतीशिवाय प्रसिद्ध करता येतं. अधिकाऱ्याच्या कर्तव्याशी संबंधित वागणुकीला खासगीपणाचं कवच मिळत नाही. आणि प्रकाशन होण्याआधीच ते थांबवण्याचा अधिकार सरकारला किंवा अधिकाऱ्यांना नाही. तक्रार असेल तर ती नंतर, आणि तेव्हाही अधिकाऱ्याला दाखवावं लागतं की लिहिणाऱ्याने खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही.

खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, तो वारशाने मिळत नाही. जयललितांवरच्या चित्रपटाविरुद्ध त्यांच्या भाचीने लावलेल्या दाव्यात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच म्हटलं. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याच दिशेने निर्णय देऊन मनाई नाकारली. मृताच्या बदनामीपोटी भरपाईचा दिवाणी दावाही वारसांना लावता येत नाही. त्यामुळे नोटिशीतला २ कोटींचा आकडा 'वडिलांसाठी' असेल तर तो पोकळ आहे.

आता हूव्हर. १९२४ पासून २ मे १९७२ ला मृत्यू होईपर्यंत तो अमेरिकेच्या तपास यंत्रणेचा प्रमुख होता. २०११ च्या चित्रपटात त्याचं खासगी आयुष्य, सहकारी क्लाइड टोल्सनशी असलेली जवळीक, हे सगळं आलं. तिथल्या कायद्यात मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही. हूव्हर अविवाहित होता, टोल्सन १९७५ मध्ये वारला; म्हणजे तक्रार घेऊन येईल अशी बायकोही नव्हती आणि टोल्सनही. शिवाय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या सुलिव्हन निकालाने अधिकाऱ्यांवर टीका करणाऱ्याला मोठं संरक्षण दिलेलं आहे. राजगोपाल निकालात आपल्या न्यायालयानेही त्याचा आधार घेतला. पण एका बाबतीत आपला कायदा वेगळा आहे, आणि तुमची खरी अडचण तिथेच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या पहिल्याच स्पष्टीकरणानुसार मृत व्यक्तीवरचा आरोपही गुन्हा ठरू शकतो : ती जिवंत असती तर तिची अब्रू गेली असती आणि कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू होता, एवढं दाखवता आलं की पुरे. शिक्षा २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा.

इथे 'हेतू' हा शब्द नीट वाचा. तुमच्या इन्स्टाग्रामवरच्या ओळी, प्रसिद्धीच्या मुलाखतीतलं एखादं वाक्य, तिघांच्या व्हॉट्सॲप गटातली थट्टा, हे सारं हेतूचा पुरावा म्हणून मांडलं जाईल. 'घरात काय चालायचं ते बघा' असली ओळ टीझरखाली लिहिली असेल तर आजच काढा. मात्र आधी तारखेसह स्क्रीनशॉट जपून ठेवा. दुसरं म्हणजे, फौजदारी प्रकरणात नुसतं 'हे खरं आहे' म्हणून सुटत नाही, ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. चकमक, बदल्या, कोठडीतला छळ यांत लोकहित उघड आहे. साहेबांचे एका बाईंशी संबंध होते, या कुजबुजीत ते नाही. अशा प्रसंगाला निकालाचा किंवा आयोगाच्या अहवालाचा आधार नसेल तर तो कापा. आणि त्या बाई हयात असतील तर त्यांचा स्वतंत्र हक्क आहे, त्या स्वतः न्यायालयात येतील.

मुलाच्या बाबतीतही हेच. वडिलांचा खासगीपणा त्याला वारशाने मिळाला नसला तरी त्याचा स्वतःचा आहे. चित्रपटात तो लहानपणीच्या पात्राच्या रूपात असेल, आईवडिलांची भांडणं पाहताना, शाळेतून काढल्यावर घरी बसलेला, तर त्या प्रसंगांवर त्याची तक्रार दमदार आहे. मुलगा पटकथेतून पूर्ण काढता येत असेल तर काढा. नोटिशीतला सर्वांत धारदार मुद्दा त्याने निघून जाईल.

आता कागद. एक वही करा. दर दृश्याला एक ओळ : दृश्य क्रमांक, त्यात केलेला नेमका आरोप, आधाराचा कागद, पान क्रमांक, त्यात कोणी हयात व्यक्ती आहे का. ज्या ओळीत आधाराचा रकाना रिकामा राहील, ते दृश्य धोक्याचं. पुढे न्यायालयात तुमचे वकील हीच वही उघडतील.

निकाल सर्वांत वजनदार. झेरॉक्स किंवा इंटरनेटवरची प्रत ठेवू नका. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रत घ्या, उच्च न्यायालयाच्या निकालांचंही तसंच. खालच्या न्यायालयाचा निकाल अपिलात फिरला आहे का, हे आधी तपासा. शिक्षा दाखवली आणि नंतरची निर्दोष सुटका गाळली, तर 'खऱ्याखोट्याची पर्वा केली नाही' हे तुम्हीच सिद्ध करून दिलंत. आयोगाचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला असेल तर त्यावर उभं राहता येतं. मांडलाच नसेल, कोणीतरी हातोहात दिलेली प्रत असेल, तर तिला सार्वजनिक दस्तऐवज समजू नका. प्रथम माहिती अहवाल चालतो, पण त्यात आरोप असतो, निष्कर्ष नसतो. संवादात 'त्याने मारलं' न म्हणता 'त्याच्यावर गुन्हा दाखल झाला' असं म्हणा. दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. केस डायरी, म्हणजे पोलिसांची तपासाची रोजनिशी, तर आरोपीलाही मागता येत नाही. कोणी सेवेतल्या पोलिसाने तिच्या पानांचे फोटो दिले असतील तर ते वापरू नका, आणि त्या माणसालाही संकटात टाकू नका.

चकमकींसाठी आणखी एक वाट आहे. मुंबईतल्या १९९५ ते १९९७ च्या चकमकींवरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १६ मार्गदर्शक सूचना दिल्या : गुन्हा नोंदवणं, सीआयडीकडून किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाकडून स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी. म्हणजे २०१४ नंतरच्या प्रत्येक चकमकीमागे कागदांची साखळी असायला हवी. दंडाधिकारी चौकशीच्या अहवालासाठी माहिती अधिकारात अर्ज करा. आधीच्या चकमकींतही दंडाधिकारी चौकशी झाली असेल तर तिचा अहवाल मागा.

वर्तमानपत्रातली बातमी एकटी पुरावा ठरत नाही, न्यायालय तिला ऐकीव माहिती मानतं. सावानातली टिपणं माग काढायला उपयोगी, पण प्रत्येक बातमीमागचा मूळ कागद शोधा. हवालदारांच्या मुलाखती ज्या फोनवर घेतल्या तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे ध्वनिफितीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा) येते आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. मूळ फाइल हलली की गाडी तिथेच अडते. दोघांकडून सहीचं लेखी कथनही घेऊन ठेवा; माणसं म्हातारी आहेत.

डायरीबद्दल मात्र सांभाळा. डायरीची वही ऑर्डर्लीकडे असली तरी तिच्या शब्दांवरचा कॉपीराइट साहेबांचा, आणि आता वारसांचा; डायरी अप्रकाशित असेल तर ती पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं होईपर्यंत. तुम्ही ती वाक्यं निवेदनात जशीच्या तशी वाचली असतील तर तुम्हाला मनाई हुकूम लागण्याचं सर्वांत सोपं कारण तेच आहे. डायरीतून कळलेली घटना दुसऱ्या आधाराने, स्वतःच्या शब्दांत सांगता येते. घटनेवर कोणाचा कॉपीराइट नसतो. निवेदन पुन्हा लिहून पुन्हा ध्वनिमुद्रित करा.

नाव बदलल्याने फार काही साधत नाही. मिशी, टोपणनाव, चकमकीची जागा यांवरून प्रेक्षक ओळखतातच, आणि 'ओळखता येणं' एवढंच न्यायालय बघतं. उलट सुरुवातीला 'सत्य घटनेवर आधारित' आणि लगेच 'सर्व पात्रे काल्पनिक' लिहिलंत, तर समोरचे वकील युक्तिवादाची सुरुवात तिथूनच करतील. साधं लिहा : न्यायालयीन व सार्वजनिक नोंदींवर आधारित, काही पात्रं आणि संवाद नाट्यरूपासाठी रचलेले. मग ती रचलेली पात्रं खरोखर रचलेलीच ठेवा.

दोन ठिकाणी तडजोड नको. कोठडीत लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख, तिचं गाव, नातेवाईक, घर, काहीही दाखवू नका. ती हयात नसली तरीही. २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात हे स्पष्ट आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे तो वेगळा गुन्हा आहे. दुसरं, चालू खटला. १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरचा 'ब्लॅक फ्रायडे' मुंबई उच्च न्यायालयाने टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत रोखला होता. चित्रपट फेब्रुवारी २००७ मध्ये आला. तुमच्या खटल्यातले आरोपी पोलीस पडद्यावर दोषी दिसले तर तेच होईल, आणि ती मागणी मुलगा नव्हे, आरोपी करतील. ती चकमक प्रत्यक्ष दाखवू नका. गोळीचा आवाज, पंचनामा, न्यायालयाची पायरी, एवढ्यावर थांबा.

या आठवड्यात करायची कामं. नोटिशीला १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत, सर्व हक्क राखून, लहान उत्तर द्या. पटकथा जोडू नका. ती दाखवायची सक्ती कोणताही कायदा करत नाही. उत्तरात प्रदर्शनाचा अपेक्षित महिना लिहा. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी धावत येणाऱ्यांवर मुंबई उच्च न्यायालय नाराज असतं, आणि मुलाला महिनोन्महिने आधी माहीत होतं हे तुमच्या उत्तरावरून दिसेल. मग नाशिकच्या दिवाणी न्यायालयात, वरिष्ठ स्तर, आणि मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज, लावा, कारण चित्रपट मुंबईत लागणार असेल तर दावा तिथेही पडू शकतो. कॅव्हेटची प्रत मुलाला पोचपावतीच्या टपालाने पाठवा, पावती फाइलला लावा. कॅव्हेट ९० दिवसच चालतं. ८५ व्या दिवसाची आठवण फोनमध्ये आत्ताच लावा, नाहीतर ९१ व्या दिवशी तुमच्या पाठीमागे एकतर्फी मनाई होईल.

बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस ठाण्यातून 'येऊन भेटा' असा फोन आला तर नम्रपणे लेखी नोटीस मागा. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. फिर्याद थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाखल होते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मुळे दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकणं बंधनकारक झालं आहे. तारखेला ती वही घेऊन जा.

सेन्सॉरचा अर्ज लवकर करा. प्रमाणपत्र नाकारण्याच्या कारणांत बदनामी आणि न्यायालयाचा अवमान दोन्ही आहेत, म्हणून अर्जासोबत आधारांचा तक्ता द्या. परीक्षण समितीचं पटलं नाही तर पुनरीक्षण समिती, आणि २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरण बंद झाल्यापासून थेट उच्च न्यायालय. हातात प्रमाणपत्र असलं की मनाई मागणाऱ्याचं काम अवघड होतं. फक्त ओटीटीवर जाणार असाल तर सेन्सॉर लागत नाही, पण करारात नुकसानीची सगळी जबाबदारी तुमच्यावर ढकलणारं कलम असेल. ते वाचल्याशिवाय सही करू नका.

राहिला २५ लाखांचा सौदा. फोटो, पत्रं किंवा डायरीचे शब्द खरोखर हवे असतील तर फक्त त्यांच्या वापराचा लेखी करार करा. कोणता मजकूर, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, हे लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पटकथेवरची किंवा अंतिम संकलनावरची मान्यता कोणत्याही रकमेला देऊ नका. ती एकदा दिलीत की राजगोपाल निकालाने तुम्हाला दिलेला हक्क त्या कराराच्या एका ओळीत जातो, आणि उद्या तो मुलगा तुमच्याविरुद्ध बदनामीचा नव्हे, करारभंगाचा दावा लावेल.