मुंबईत इतका पैसा असून पगारदार माणसंही झोपडपट्टीत का राहतात? एसआरएने (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने) प्रश्न का सुटला नाही?

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या १ कोटी २४ लाख लोकांपैकी साधारण ५२ लाख झोपडपट्टीत राहत होते. त्यांत रिक्षावाले, कंत्राटी सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बायका आहेत, तसे महिन्याच्या महिन्याला पगार घेणारेही आहेत. ही माणसं कमावतात, पण त्यांच्या कमाईत बसेल असं भाड्याचं घर या शहरात कुणी बांधतच नाही. माझ्या मते दुखणं इथेच आहे.

पूर्वी अशी घरं होती. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांची खोली भाड्याने मिळे. खासगी चाळी तर गिरणगावभर होत्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना त्या संरक्षणाची गरज होती, पण भाडं दशकानुदशकं तेच राहिल्यावर मालकाला दुरुस्ती परवडेना आणि नवी चाळ बांधायला कुणी पुढे येईना. खोल्या पागडीवर, म्हणजे एकरकमी मोठी रक्कम घेऊन, फिरू लागल्या.

१९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांची जमीन मोकळी होऊ लागली. १९९१ च्या नियमाप्रमाणे तिचे तीन वाटे व्हायचे होते : पालिका, म्हाडा (राज्याची गृहनिर्माण संस्था) आणि मालक. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती ठेवली. गिरणीचं बांधकाम पाडून निघणारी जमीन त्यातून सुटली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल कायम ठेवला. ऐन शहरात परवडणारी घरं बांधायची एवढी मोठी संधी पुन्हा येणं कठीण आहे.

आता एसआरए. योजना डिसेंबर १९९५ मधली. सरकार पैसे घालत नाही. बिल्डर झोपडीधारकांना फुकट घरं बांधून देतो आणि त्याबदल्यात मिळालेल्या एफएसआयवर (जादा बांधकामाच्या परवानगीवर) विक्रीची इमारत उभारतो. घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, पुढे २६९ झालं, आता ३०० आहे. सगळा हिशेब विक्रीच्या भावावर असल्यामुळे वांद्रे-अंधेरीच्या वस्तीमागे चार-चार बिल्डर लागतात आणि भाव नसलेल्या ठिकाणी कुणी फिरकत नाही. बाजार पडला की काम थांबतं. तोवर झोपड्या पाडलेल्या असतात आणि तात्पुरत्या घरासाठी बिल्डरने द्यायचे भाड्याचे चेक येणं बंद होतं.

दुसरी अडचण पात्रतेची. परिशिष्ट-२ ही पात्र-अपात्रांची यादी सक्षम प्राधिकारी करतो. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा (मतदार यादी, फोटोपास म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र, वीजबिल) असेल तर घर फुकट, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर अडीच लाख रुपये भरून. पण मोजली जाते ती तळमजल्याची झोपडी. बाहेरच्या लोखंडी शिडीने वर चढून पोटमाळ्यावर राहणारं कुटुंब भाडं भरतं, मालकाच्या मीटरवरून वीज घेतं, कुटुंबाच्या नावावर कागद एकही नसतो. इमारत होते, मालकाला घर मिळतं आणि हे कुटुंब पुढच्या वस्तीतला पोटमाळा शोधतं. झोपडपट्टी हटत नाही, सरकते.

तिसरी अडचण खुद्द इमारतीची. हेक्टरी किमान ६५० घरं बसवायची अट आहे, त्यामुळे इमारती खेटून उभ्या राहतात. मानखुर्द-गोवंडीकडच्या काही पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो, हवा खेळत नाही, आणि तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त असल्याचं डॉक्टरांच्या पाहणीत दिसलं आहे. शिवाय लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल दर महिन्याला येतं. झोपडीत हा खर्च नव्हता. मेंटेनन्स थकला की आधी लिफ्ट बंद पडते, आणि म्हातारी माणसं वरच्या मजल्यावर अडकून पडतात.

तुमच्या वस्तीत योजना येत असेल तर संमतीपत्रावर सही करण्याआधी एवढं बघा. ५१ टक्के संमती मिळाली की योजना पुढे सरकते, म्हणून कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही नको. बिल्डर ठरवणाऱ्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागून घ्या. परिशिष्ट-२ च्या यादीत नाव, झोपडी क्रमांक आणि क्षेत्रफळ तपासा, चूक असेल तर मुदतीत लेखी अपील करा. तोंडी आश्वासन पुढे कामाला येत नाही. घर रिकामं करण्याआधी दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा झालंय का आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक दिलेत का, याची एसआरए कार्यालयातून खात्री करा. पुनर्वसनाच्या इमारतीला सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) कितव्या मजल्यापर्यंत आहे तेही विचारा. आणि काम रखडलंच, तर झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली बिल्डर बदलता येतो. त्यासाठी थकलेल्या भाड्याचा महिनावार तक्ता आणि बँकेची पासबुकं झोपडीधारकांच्या सोसायटीने पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत. सुनावणीत तेच विचारतात.