मे महिन्यातला डायनासोर वाढदिवस: क्रीम नको, लाव्हा करा

तुमचा प्रश्न असा: लेक पाच वर्षांचा होतोय, मेचा दुसरा आठवडा, पुणे, वीसेक मुलं, थीम डायनासोर, कपकेक घरीच आणि अंड्याशिवाय, हाताशी २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन. आणि बटरक्रीमचे हिरवे डायनासोर उकाड्यात टिकतील का, ही काळजी.

नाही टिकणार. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. मेमध्ये संध्याकाळी पाचलाही आपल्याकडे घरात साधारण तेवढंच तापमान असतं, त्यात वीस मुलं एका खोलीत. फ्रिजमधून काढलेलं व्हिप्ड क्रीम थोडा वेळ तग धरतं खरं, पण औक्षण, फोटो आणि उशिरा येणाऱ्यांची वाट बघणं यातच तो वेळ संपतो. म्हणून मी म्हणेन, नक्षीचा नादच सोडा. आयता सजवलेला कपकेक मिळाला की या वयाची मुलं वरचं क्रीम चाटतात आणि खालचा केक तसाच ठेवून पळतात. शेवटचा हात त्यांना मारू द्या. मग तोच केक ती शेवटच्या कणापर्यंत खातात, कारण तो त्यांनी केलेला असतो.

आणि डायनासोर थीमला यासाठी फार सुंदर गोष्ट आपल्याच जमिनीत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला लांब मानेच्या आयसीसॉरसचे अवशेष सापडले. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोलीला डायनासोरची अंडी आणि राजासॉरसची हाडं मिळाली. राजासॉरस म्हणजे कपाळावर एकच शिंग असलेला मांसाहारी. त्याला हे नाव २००३ मध्ये मिळालं. हे सगळं ज्या थरांत सापडलं त्यांना लामेटा म्हणतात, आणि त्या थरांवर आहे दख्खनचा बसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा, म्हणजे आपला सह्याद्री, सिंहगडाचा काळा कातळ. खाली माती, मातीत अंडी, वर काळा लाव्हा. तुमचा कपकेक हाच!

म्हणजे असं करायचं. तपकिरी कपकेकच्या मधोमध छोट्या चमच्याने खळगा करायचा, त्यात बोराएवढा मऊ नारळाचा लाडू ठेवायचा, ते झालं अंडं. काढलेला केकचा तुकडा चपटा करून वर झाकण लावायचं. इतकं तुम्ही आधी करून ठेवता. पार्टीत प्रत्येक मूल आपल्या कपकेकवर चमचाभर कोमट गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण, ओततं, तो लाव्हा. वर चिमूटभर हिरवं खोबरं, म्हणजे गवत. मग चमच्याने खोदून अंडं शोधायचं. गनाश तिथल्या तिथे ओतायचं असल्यामुळे उकाड्यात ते पातळ राहिलं तरी काही बिघडत नाही, उलट तसंच हवं.

कपकेकचं माप १२ नगांचं देते, ते दोनदा करा. दीड कप मैद्यातला पाव कप काढून त्याजागी साधी, बिनसाखरेची कोको पावडर घ्या आणि दोन्ही एकत्र दोनदा चाळा. एक कप ताजं दही आणि पाऊण कप साखर, साखर विरघळेपर्यंत फेटा. त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून पाच मिनिटं थांबा, बुडबुडे दिसतील. मग अर्धा कप बिनवासाचं तेल, चमचाभर व्हॅनिला आणि शेवटी मैदा-कोको, दोन-तीन वेळा करून. मैदा गेल्यावर फेटायचं नाही, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं; जास्त घोटलं की केक चिवट होतो. कागदी वाट्या दोन तृतीयांशच भरा.

दोन्ही घाण्यांचं मिश्रण एकदम कालवून ठेवू नका, हे मला कळकळीने सांगायचंय. दह्यातलं आम्ल आणि सोडा भेटले की वायू लगेच सुटायला लागतो. दुसरा ट्रे अर्धा तास ओट्यावर वाट बघत राहिला तर तो वायू उडून जातो आणि केक बसके होतात. पहिला ट्रे आत गेल्यावर दुसऱ्याचं दही फेटायला घ्या, वेळ बरोबर जुळते.

ओटीजी १७५ अंशांवर, दोन्ही रॉड चालू ठेवून पंधरा मिनिटं तापवा. त्या आकाराच्या ओटीजीत वरचा रॉड जवळ येतो आणि माथा लवकर करपतो, तेव्हा ट्रे खालच्या खाचेत ठेवा. अठरा ते बावीस मिनिटं लागतात. पंधराव्या मिनिटाला ट्रे फिरवा, त्याआधी दार उघडू नका. सुरी किंवा टूथपिक कोरडी निघाली की झालं.

हे सगळं आदल्या संध्याकाळी. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफेने कागद सुटतात. रात्री डबा फ्रिजमध्ये ठेवा. तेलाचा केक फ्रिजमध्ये लोण्याच्या केकसारखा कडक होत नाही. आदला दिवस गुरुवार येत असेल तर बेकिंग बुधवारी उरका. पुण्यात महावितरणचा दुरुस्तीचा वार गुरुवार, वीज कधी जाईल भरवसा नाही.

अंड्यांसाठी दोन कप डेसिकेटेड खोबरं आणि भिजेल इतकं कंडेन्स्ड मिल्क मळून लाडू वळा, फ्रिजमध्ये ठेवा. खव्याचे करू नका, मेमध्ये खवा फार लवकर खराब होतो. गवतासाठी खोबऱ्यात हिरव्या जेल रंगाचे दोन थेंब हाताने चोळून ताटात पसरा. गनाश म्हणजे २०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून त्यावर २०० ग्रॅम गरम फ्रेश क्रीम ओतायचं, दोन मिनिटांनी ढवळायचं. चोवीस कपकेकना पुरतं. साधं २५ टक्के फॅटचं क्रीम चालतं, कारण इथे फेटायचं काहीच नाही. मुलांच्या हातात देताना बोट बुडवून बघा, कोमटच हवं. टेबलापाशी दोन मोठी माणसं लागतातच.

औक्षण आधी करा, म्हणजे आजी-आजोबांचं निवांत होतं. मेणबत्ती हवीच असेल तर मोठ्या ताटात कपकेक गोल रचून मधल्या एकावर लावा. बाकी खाणं साधं ठेवा: छोट्या इडल्या, काकडीची सँडविच, कलिंगड, कोकम सरबत. गोड आधीच आहे, त्यात आइस्क्रीम नको.

खेळ एकच, पण दणकून. आदल्या दिवशी प्लॅस्टिकचे छोटे डायनासोर वाट्यांत पाणी घालून गोठवा आणि गच्चीत किंवा पार्किंगमध्ये प्रत्येकाला एक बर्फाचा गोळा, चमचा, मीठ आणि कोमट पाणी द्या. मिठाने बर्फ भराभर वितळतो, आणि त्या उकाड्यात मुलं तिथून हलत नाहीत. सुटलेला डायनासोर त्याचा, वेगळं रिटर्न गिफ्ट नको. सोसायटीची परवानगी असेल तर फरशीवर खडूने राजासॉरस काढा, सात मीटर लांब. त्याच्या लांबीचे अंदाज साधारण साडेसहा ते नऊ मीटर असे आहेत. त्याच्या पाठीवरून ओळीने झोपून किती मुलं मावतात ते बघणं मुलांना फार आवडतं.

पाहुण्यांत तीन वर्षांखालचं भावंड असेल तर छोटी खेळणी, फुटलेले फुगे, अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न त्याच्या हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात. आणि निमंत्रण पाठवतानाच पालकांना विचारा, कुणाला दूध, गहू, नारळ चालत नाही का. या कपकेकमध्ये तिन्ही आहेत, तेव्हा तसं मूल असेल तर त्याच्यापुरतं आधी वेगळं काढावं लागेल. ते सांगितलंत तर पर्यायी माप देते.