बस घटली, ट्रेन वाढली, आणि तेच ते प्रश्न

आयईएलटीएस म्हणजे परदेशात शिकायला-कामाला जाण्यासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा. तिच्या रायटिंगमधला टास्क 1, म्हणजे तो ग्राफवाला, आणि त्यातही बस-ट्रेनचे प्रवासी किती वाढले किती घटले असा ग्राफ आला की आपल्याकडच्या पोरापोरींची दरवेळी तीच गडबड होते. महिनाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले प्रश्न बघितले तर अर्धेअधिक एकाच गोष्टीभोवती फिरतात, म्हणून एकेकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा इथेच उत्तरं देऊन टाकतो.

प्रश्न: सर, टास्क 1 ला किती शब्द लिहायचे? मी 260 पर्यंत लिहितो. (दिग्रस)

कमीत कमी 150. 170-180 झाले की थांब आणि उरलेला वेळ टास्क 2 ला, म्हणजे निबंधाला दे, त्याचं वजन दुप्पट आहे. एका तासात दोन्ही उरकायचे असतात आणि तू 35 मिनिटं ग्राफमध्येच बसतोस.

प्रश्न: क्लासमध्ये बसच्या प्रवाशांचा ग्राफ होता, 2020 ला एकदम खाली आणि 2023 नंतर वर. मी लिहिलं की लॉकडाऊनमुळे कमी झाले आणि मग लेडीजला हाफ तिकीट झालं म्हणून वाढले. मॅडमनी सगळं खोडलं. खरंच तर आहे ना ते? (नेर)

खरं आहे, आणि मॅडमनी खोडलं तेही बरोबर आहे. एसटीत बायांना अर्धं तिकीट 17 मार्च 2023 पासून झालं, त्याआधी 2021-22 चा संप होता, हे तुला माहीत आहे कारण तू स्टँडवर ताटकळत उभी होतीस. पण टास्क 1 मध्ये ग्राफवर जे दिसतं तेवढंच लिहायचं, कारण नाही, मत नाही, सरकारला सल्ला तर अजिबात नाही. उद्या पेपरात परदेशातल्या एखाद्या शहराचा ग्राफ आला तर तिथेही आपलं हाफ तिकीट चिकटवणार का? ते टास्क 2 साठी राखून ठेव, सार्वजनिक वाहतुकीवर निबंध आला तर तिथे तुझं हे उदाहरण चांगलं चालेल.

प्रश्न: मी एकही आकडा सोडत नाही, सगळी वर्षं सगळे आकडे लिहितो, तरी रायटिंगला 5.5 बँडच्या (बँड म्हणजे या परीक्षेतले गुण) वर जात नाही. चूक कुठे होते? (दारव्हा)

एकही आकडा सोडत नाहीस, तीच चूक आहे बाप्पा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दहातल्या आठ वह्यांमध्ये हेच दिसतं.

मागच्या आठवड्यात एका पोराची वही तपासली. समजा म्हणून मीच दिलेला ग्राफ होता, एका शहरात कामावर जाणारे लोक कशाने जातात, 1990 ते 2020. बस 60 टक्क्यांवरून 35 वर, ट्रेन 15 वरून 40 वर, सायकल मधे थोडी वरखाली होऊन परत 25 ची 25. मधल्या वर्षांचे आकडेही होते. यानं काय केलं, 1990 ला इतके, 1995 ला इतके, 2000 ला इतके, कंडक्टर थांबे ओरडतो तसं सगळं ओरडून मोकळा, आणि शेवटपर्यंत हे काही लिहिलं नाही की बस खाली गेली, ट्रेन वर गेली आणि ट्रेननं बसला मागे टाकलं. परीक्षकाला नेमकं तेच पाहिजे असतं.

मी त्याला वही मिटायला लावली. म्हटलं, मामाचा पुण्याहून फोन आला आणि त्यानं विचारलं वावर कसं आहे यंदा, तर काय सांगशील? तो लगेच म्हणे, "वरच्या वावरातली पऱ्हाटी बोंडअळीनं गेली सर, खालची बरी हाये, तूर मातर जोरात हाये." म्हटलं हाच तो ओव्हरव्ह्यू! तू मामाला झाड न झाड मोजून सांगितलंस का? नाही नं. मग परीक्षकाला काहून सांगतोस? (फक्त बोंडअळीचा भाग ग्राफमध्ये सोडून द्यायचा, ते कारण झालं.)

तर पहिलं वाक्य प्रश्नाचं, आपल्या शब्दांत. लगेच दुसरा पॅरा ओव्हरव्ह्यूचा, दोन वाक्यं, त्यात आकडा नको: ओव्हरऑल, बस यूज फेल स्टेडिली, व्हाइल ट्रेन ट्रॅव्हल मोअर दॅन डबल्ड अँड ओव्हरटूक इट. सायकलिंग एंडेड व्हेअर इट बिगॅन. मग खालच्या दोन पॅरांमध्ये आकडे, तेही निवडून: सुरुवात, शेवट, जिथे रेषा एकमेकींना कापतात ती जागा, सगळ्यात वरचा आणि खालचा बिंदू. यांत्रिकपणे तपशील सांगत जाणं हे परीक्षकांच्या निकषांमध्ये 5 बँडचं लक्षण म्हणून लिहिलेलं आहे आणि 7 ला स्पष्ट ओव्हरव्ह्यू लागतो, हे निकष कोणालाही नेटवर वाचता येतात पण वाचत कोणी नाही. लिहायच्या आधी दोन मिनिटं हात बांधून नुसतं ग्राफकडे बघायचं. आणि लिहिलेलं कोणा जाणत्याकडून तपासून घे, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

प्रश्न: टेलिग्रामवर 499 रुपयांत टेम्प्लेटची पीडीएफ मिळते, 7 बँड गॅरंटी म्हणतात. घेऊ का? (उमरखेड)

नको. पाठ केलेलं वाक्य परीक्षकाला दुरून ओळखू येतं, त्यांना ते ओळखायचं ट्रेनिंग असतं, आणि पाठ केलेल्या भाषेचे मार्क मिळत नाहीत. माझ्याकडे तीन वेगवेगळ्या गावांतून एकाच शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं एकच वाक्य आलं, म्हणजे पीडीएफवाल्याचीच चूक तिघांनी पैसे देऊन विकत घेतली. आणि "परीक्षा न देता सर्टिफिकेट" म्हणणाऱ्यांचे मेसेज आले तर सरळ ब्लॉक करा, निकाल खरा की खोटा हे युनिव्हर्सिटीला ऑनलाइन तपासता येतं, पैसे जातील आणि अ‍ॅडमिशनही जाईल. 499 खर्चायचेच असतील तर त्यात दोन उत्तरं एखाद्या चांगल्या मास्तरकडून तपासून होतात.

प्रश्न: इन्क्रीज्ड टू आणि इन्क्रीज्ड बाय यात माझा नेहमी घोळ होतो. (पुसद)

टू म्हणजे कुठे पोचलं, बाय म्हणजे कितीनं सरकलं. वरच्याच ग्राफमध्ये बस 60 वरून 35 वर आली, म्हणजे फेल टू 35 पर्सेंट, आणि फेल बाय 25 पर्सेंटेज पॉइंट्स. इथे बाय 25 पर्सेंट लिहिलंस तर गणित चुकलं, कारण 60 चे 25 टक्के म्हणजे 15, बस 45 वर थांबली असती. आणि प्रवासी मोजता येतात म्हणून नंबर ऑफ पॅसेंजर्स, अमाउंट नाही. रेझ (वाढवणं) आणि राइझ (वाढणं) यांची गल्लत पण तुझ्या वहीत असेल, पैज लाव.

प्रश्न: पाय चार्ट एकाच वर्षाचा असेल तर ट्रेंड काय लिहायचा? (आर्णी)

ट्रेंड नाहीच तिथे. तुलना लिही.

प्रश्न: मी जीएनएम (नर्सिंग) झालेली आहे, बाहेर जायचं आहे. परीक्षेच्या दोन प्रकारांपैकी अकॅडेमिक देऊ की जनरल? मैत्रीण म्हणते जनरल सोपी, ग्राफ नसतो. (मंगरुळपीर)

ताई, मैत्रिणीचं ऐकून फी भरू नका. जनरलमध्ये ग्राफच्या जागी पत्र असतं एवढं खरं, पण तुम्हाला कोणती चालेल हे तुम्ही ज्या देशात जाणार तिथली नर्सिंग कौन्सिल ठरवते, मैत्रीणही नाही आणि मीही नाही. कौन्सिलच्या वेबसाइटवर वाचा, त्यांना मेल करा, उत्तर लेखी घ्या, मग फॉर्म भरा. निकाल दोन वर्षंच धरतात, तेव्हा फार आधी देऊन ठेवण्यातही अर्थ नाही.

प्रश्न: पेपर 11 दिवसांवर आहे, आजपासून टास्क 1 सुरू केला तर होईल का? (कारंजा)

तारीख तीन महिन्यांपूर्वी घेतली असशील, तेव्हापासून काय करत होतास? असो. रोज एक ग्राफ, 20 मिनिटं घड्याळ लावून, आणि नवीन शब्द पाठ करणं आजपासून बंद. पहिले दोन लिहून झाले की कोणाला तरी दाखव, आणि त्यानं सांगितलं की तयारी नाही, तर तारीख पुढे ढकलता येते का, कापून किती जातात, हे सेंटरला आजच फोन करून विचार, शेवटच्या दिवशी नाही.

प्रश्न: कॅल्क्युलेटर नेता येतो का? (वणी)

नाही.