तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाने नॅशनल नॉलेज नेटवर्कच्या जोडणीसाठी धडपडावे का, की बाजारातील साधे फायबर पुरते?

धडपडावे. नॅशनल नॉलेज नेटवर्क म्हणजे देशातील शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारे सरकारचे वेगवान जाळे. मात्र अर्ज करण्याआधी त्या जोडणीची तार महाविद्यालयात कोणत्या खोलीत येणार आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे राहणार, हे ठरवून घ्यावे. आपला प्रश्न वाचून मला 2017 चा खरीप आठवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी भूगोल शिकवत होतो. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कपाशीची दैना केली होती आणि माझ्या एका विद्यार्थिनीने आपल्या तालुक्यातील कपाशीची उपग्रह-चित्रांवरून पाहणी करायला घेतली होती. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रे कोणालाही मोफत मिळतात. पण पावसाळ्यात निम्मीअधिक चित्रे ढगांनी झाकलेली असल्याने मोकळे तुकडे शोधण्यासाठी हंगामातील सगळ्याच तारखांची चित्रे उतरवावी (डाउनलोड करावी) लागतात. तिची गरज 100 जीबीच्या आसपास गेली. आमच्याकडे 10 एमबीपीएसची तार होती. एवढा साठा त्या तारेवरून उतरायला, ती पूर्ण वेगाने आणि एकट्या आमच्यासाठी चालली तरी, बावीस तास लागतात. दिवसा त्याच तारेवर परीक्षेचे अर्ज, कार्यालयाचे काम आणि सगळ्यांचे मोबाइल असत, म्हणून रात्रीच उतरवणे भाग होते. आणि रात्री ते शक्य नव्हते, कारण तारेला जोडलेले इंटरनेटचे यंत्र कार्यालयात होते आणि साडेपाचला शिपाई मेन स्विच बंद करून कुलूप लावी.

मी संस्थेच्या चिटणीसांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, रात्री कोन शिकते? अन् खेड्यातल्या पोराईले एवढी स्पीड कायले पाह्यजे?" ती मुलगी शेवटी हार्ड डिस्क घेऊन एसटीने नागपूरला गेली. तिथे नॉलेज नेटवर्कवर असलेल्या एका संस्थेतील परिचितांनी तिला एका दुपारात सगळी चित्रे उतरवून दिली. 1 जीबीपीएसच्या तारेवर 100 जीबीला हिशेबाने साडेतेरा मिनिटे पुरतात. पलीकडच्या सर्व्हरच्या वेगामुळे प्रत्यक्षात काही तास लागले, एवढेच. जाण्यायेण्यात तिचे दोन दिवस गेले.

चिटणीसांचे म्हणणे मला तेव्हाही चुकीचे वाटले आणि आजही वाटते. देशातील शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारे अर्नेट हे आधीचे जाळे 1986 साली सुरू झाले, नॉलेज नेटवर्कला मार्च 2010 मध्ये 5,990 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि ग्रामपंचायतींपर्यंत 100 एमबीपीएस नेण्याची योजना 2011 मध्येच मान्य झाली. म्हणजे खेड्याला वेग लागतो, हे सरकारने केव्हाच मान्य केले आहे. शिवाय कपाशी आमच्या शिवारात, अळी आमच्या शिवारात, मग तिचा अभ्यास करणाऱ्यानेच नागपूर का गाठावे? तारेचेही तसेच आहे. ज्या फायबरवरून 10 एमबीपीएस येते, त्याच फायबरवरून 1 जीबीपीएस येऊ शकते. फरक दोन्ही टोकांच्या यंत्रांचा आणि कराराचा असतो.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. घरगुती फायबरचा जाहिरातीतील वेग "इतक्यापर्यंत" असा असतो आणि तो शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटला जातो. नॉलेज नेटवर्कवर संस्थेची स्वतःची तार असते आणि ते जाळे युरोपच्या जिआंटसारख्या संशोधन-जाळ्यांशी जोडलेले आहे. मोठा साठा परदेशातून आणायचा असेल, तर हा फरक जाणवतो. आपल्याकडे केवळ व्याख्यानांचे व्हिडिओ आणि एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथसंग्रहातील नियतकालिके पाहिली जात असतील, तर मात्र साधे फायबर पुरेल, कारण एन-लिस्ट सदस्यनाव टाकून घरूनही उघडते.

अर्ज करायचाच असेल, तर यंत्रासाठी स्वतंत्र खोली, भारनियमनात टिकेल असा यूपीएस, मेन स्विचपासून वेगळी वीजजोडणी आणि एका प्राध्यापकाकडे दुसरी किल्ली, एवढे संस्थेकडून आधी लेखी घ्यावे. मी ते तोंडी मागितले होते.