माल्टच्या किटपासून घरी बिअर : नवख्यासाठी सल्ला

नाशिकहून ब्रिटनमधील लीड्सला जाताना माल्टच्या किटपासून (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले बार्ली; किटमध्ये त्याच्या घट्ट अर्काचा डबा असतो) घरी बिअर कशी करावी, असे तुम्ही विचारले आहे. नाशिकमध्ये परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे किट इथे न मागवता तुम्ही लीड्सला पोहोचल्यावरच घ्यावे, कारण ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर करण्यास १९६३ पासून परवाना लागत नाही.

डब्यावर बहुधा एक किलो साखर घालण्याची सूचना असते. तिच्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. द्राक्षांच्या गावच्या माणसाला वेगळे सांगायला नको, पण यीस्ट साखर पूर्ण फस्त करते, मद्यार्क वाढतो आणि बिअर मात्र पाणचट लागते. साखरेऐवजी तेवढीच माल्ट पावडर घातल्यास तिच्यातील न आंबणाऱ्या शर्करांमुळे दाटपणा येतो आणि फेसही टिकतो. डब्यातील अर्कात कडवटपणा आधीच उतरलेला असल्याने वरून घालायचे हॉप्स (बिअरला कडवटपणा व सुगंध देणारी फुले) तासभर उकळू नयेत. आंबण्याचा जोर ओसरल्यावर, बाटल्या भरण्याच्या तीन-चार दिवस आधी ते घातल्यास सुगंध चांगला उतरतो. तापमान १८ ते २० अंशांच्या दरम्यान राखावे, जे आपल्याकडच्या एप्रिलमध्ये घरात जमलेही नसते. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले असे समजू नये. हायड्रोमीटरचे (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचे) माप सलग दोन-तीन दिवस तेच येईपर्यंत थांबावे, अन्यथा बाटलीतही आंबणे चालू राहून साठलेल्या वायूमुळे ती कपाटातच फुटू शकते.