दोन वर्षं वाया जातील का? मिशनला निघालेल्या मुलाच्या आईला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही मूळच्या सांगलीच्या, गेली ११ वर्षं युटामधल्या लीहायला आहात. मुलगा नुकताच १८ वर्षांचा झाला. शाळेतल्या मित्रांबरोबर तो मॉर्मन चर्चमध्ये जायला लागला, सोळाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, आणि तुम्ही दोघांनी मन घट्ट करून संमतीची सही दिली. आता युटा विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश हातात असताना त्याला मिशनसाठी, म्हणजे धर्मप्रचाराच्या कामासाठी, चर्चचं बोलावणं आलंय: ब्राझीलमधलं रेसिफे, मुक्काम दोन वर्षं. त्याचे बाबा महिनाभर त्याच्याशी धड बोललेले नाहीत. तुम्ही विचारता, ही दोन वर्षं वाया जातील का? आणि पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिता, "इथे सगळे म्हणतात मिशनमध्ये फार आनंद असतो. दारोदार हिंडून नकार ऐकण्यात कसला आलाय आनंद?"

धर्माचा निर्णय बरोबर की चूक, हे मी सांगणार नाही. तो माझा प्रांत नाही. (हे चर्च हल्ली स्वतःसाठी 'मॉर्मन' शब्द वापरत नाही, पण तुमच्या पत्रात तोच आहे, म्हणून मीही तोच ठेवते.)

आधी एक रूक्ष गोष्ट, कारण तीच सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. तुमचं इथलं इमिग्रेशन स्टेटस काय? मुलगा तुमच्या एच-१बीच्या (नोकरीच्या व्हिसाच्या) आधाराने एच-४ वर (कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल, तर २१ वर्षं पूर्ण झाली की तो आधार संपतो. आत्ता निघून दोन वर्षांनी तो परतेल तेव्हा हातात काही महिनेच उरतील, आणि परत येताना व्हिसाचा शिक्काही लागू शकतो. ग्रीन कार्ड असेल तर सलग वर्षाहून जास्त बाहेर राहण्याआधी री-एंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो, तोही अमेरिकेत असतानाच. नागरिकत्वासाठी मोजल्या जाणाऱ्या मुदतीवरही परिणाम होतो. धर्मकार्यासाठी बाहेर असणाऱ्यांना कायद्यात काही सवलत आहे, पण ती आपोआप मिळत नाही. तेव्हा विमानाचं तिकीट यायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जाऊन या. त्याच्या मित्रांपैकी कुणालाच हा प्रश्न पडलेला नसणार, ते इथेच जन्मलेत.

कॉलेजचं मला फारसं भय वाटत नाही. युटात दरवर्षी इतकी मुलं मिशनला जातात की प्रवेश पुढे ढकलण्याची रीतसर सोय असते. फक्त ती लेखी घ्या. स्कॉलरशिप टिकणार का, हे वेगळं विचारा, कारण प्रवेश राहतो आणि पैसे जातात असंही होतं. एपीचे (शाळेत असतानाच दिलेल्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांचे) गुण जाण्याआधीच विद्यापीठाकडे पोचवा. तो १८ चा झाल्यामुळे त्याच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ तुमच्याशी त्याच्या खात्याबद्दल बोलणार नाही. ती संमती आणि बँकेसाठी मुखत्यारपत्र, दोन्ही करून ठेवा. एक गोष्ट नक्की बिघडते: गणित. दोन वर्षांत कॅल्क्युलस पार गंजतो. परतल्यावर पहिल्याच सत्रात अवघड विषय घ्यायची घाई करू देऊ नका.

आता आनंदाचं. तुमचा खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं.

मिशनमध्ये मुलाला फारसं काहीच निवडता येत नाही. देश चर्च ठरवतं, भाषा चर्च ठरवतं, जोडीदारही, म्हणजे बरोबर राहणारा दुसरा मिशनरी, चर्चच ठरवतं. मुलगे २४ महिने जातात, मुली १८. छातीवर काळी नावपट्टी, मुलाला सगळे 'एल्डर' म्हणणार, मुलीला 'सिस्टर'. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. प्रेमप्रकरण नाही, टीव्ही नाही. जोडीदार सतत डोळ्यांसमोर. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, तेव्हा जोडीदार बदलू शकतो, गावही बदलू शकतं. खर्च मुलाने किंवा घरच्यांनी दरमहा ठरावीक रक्कम भरून उचलायचा. ऐकताना वसतिगृह आणि लष्कर यांच्या मधलंच काहीतरी वाटतं.

ब्राझीलहून परतलेला एक मुलगा मध्यंतरी माझ्याकडे सल्ल्याला आला होता. मी त्याला तुमचाच प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, पहिले तीन महिने रडत होतो. बेकरीत जाऊन 'पाऊँ' मागायचा, पण तो शेवटचा अनुनासिक सूर काही निघायचा नाही, आणि सूर चुकला की पोर्तुगीजमध्ये पावाची काठी होते, चावट अर्थाचीसुद्धा. अख्खी बेकरी हसायची. मग एके दिवशी गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने काहीतरी विनोद केला आणि हा हसला. हसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की मनातल्या मनात भाषांतर न करताच आपल्याला तो कळला. "तो दिवस," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याने पूर्ण केलं नाही.

दोन वर्षांत त्याच्या सांगण्यावरून किती जणांनी बाप्तिस्मा घेतला, हेही मी विचारलं. त्याने आकडा सांगितला, लहानच होता, आणि लगेच दुसरंच सांगू लागला. एका घराच्या मागच्या भिंतीसाठी विटा वाहिल्या त्याचं. मोफत इंग्रजीच्या वर्गात येणाऱ्या मोटारसायकलवर रिक्षासारखी भाडी करणाऱ्या एकाचं, ज्याने मुलाखतीची तयारी करून नोकरी मिळवली. आणि दुपारच्या जेवणांचं. ब्राझीलमध्ये चर्चची कुटुंबं या पोरांना आळीपाळीने दुपारी जेवायला बोलावतात. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, तसंच. एरवी आपली पोरं दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायलाही लाजतात. तिथे परक्या माणसाच्या ताटातलं रोज खायचं आणि जाताना भांडी घासून द्यायची. कुणाचे उपकार घेता येणं हीसुद्धा शिकायचीच गोष्ट आहे, आणि ती आपण मुलांना शिकवत नाही.

आपली मुलं सतरा वर्षं गुणांसाठी जगतात. मिशनमध्ये गुण नाहीत. दहा दारं बंद होतात, अकरावं उघडतं ते कधीकधी फक्त पाणी द्यायला. तरी माणूस संध्याकाळी दमून आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं म्हणत झोपतो. आनंद म्हणतात तो बहुधा हाच.

हे सगळ्यांच्या वाट्याला येतंच असं नाही. काही मुलं अर्ध्यावर परत येतात. आजारपण, मनावरचा ताण, कधी श्रद्धाच हलणं. युटासारख्या ठिकाणी अशा मुलाकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात आणि ते फार लागतं. म्हणून निघण्याआधी त्याला एवढं जरूर सांगा की सहा महिन्यांत परत आलास तरी दार उघडं आहे. हे वाक्य त्याच्या बाबांनी म्हटलं तर अधिक चांगलं.

तुम्ही सुशिक्षित आहात, त्यामुळे कुणीतरी तुम्हाला मोठी नावं ऐकवणारच. जॉन हंट्समन तैवानला मिशनरी होते, मँडरिन शिकले, पुढे चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. हार्वर्डचे नामवंत प्राध्यापक क्लेटन क्रिस्टेन्सन कोरियात होते. खरं आहे, पण अशी नावं दाखवून मुलाला पाठवू नका. करिअरसाठी जो जातो त्याला दुसऱ्या महिन्यातच ते दिवस मोजावे लागतात.

फायदा मात्र आहे. परतल्यावर एसीटीएफएल या अमेरिकी संस्थेची तोंडी भाषा परीक्षा द्यायला लावा, म्हणजे पोर्तुगीज कागदावर येतं. परीक्षा देऊन भाषेचे क्रेडिटही मिळू शकतात, विद्यापीठाला विचारा. बायोडेटात "किती लोकांना धर्मात आणलं" हे लिहू नये. परक्या शहरात दोन वर्षं पोर्तुगीजमध्ये काम केलं, नवख्या जोडीदारांना तयार केलं, असं साधं लिहावं. आणि एक सावधगिरी: परतलेल्या मुलांना नकार पचवायची सवय असते, हे विक्रीच्या कंपन्यांना पक्कं माहीत आहे. उन्हाळ्यात कीटकनाशक फवारणी, सोलर, घराचे अलार्म, असलं दारोदार विकायला त्यांना मोठ्या कमाईची आमिषं दाखवतात. बहुतेक वेळा पगार नसतो, नुसतं कमिशन. करार वाचल्याशिवाय सही नको.

गंमत म्हणून सांगते. १८५२ साली याच चर्चचा ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला होता आणि पुण्यातही काम करून गेला. त्याला आपल्याकडे यश असं फारसं मिळालं नाही. त्याच्या आईने त्याला काय म्हणून निरोप दिला असेल, हा विचार तुमचं पत्र वाचताना माझ्या डोक्यात आला.

भाषेचं म्हणाल तर तुमच्या मुलाला थोडी आघाडी आहे. बटाटा, काजू, पाव, चावी, पगार हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आले. काजू तर मुळात ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचा, जिथे रेसिफे आहे. तिथे चवळी मिळते, नारळ मिळतो, आणि आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो तर घरोघरी. या चर्चमध्ये चहा-कॉफी वर्ज्य, म्हणून चहा त्याने सोडलाच आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे लोक पाहुण्याला कॉफी देतात, तीही त्याला नाकारावी लागेल, आणि न दुखावता नाकारणं त्याने आत्ताच घरी तुमच्यावर सराव करून शिकावं. जायच्या आधी चवळीची उसळ आणि साबुदाण्याची खिचडी त्याच्याकडून करून घ्या, चारपाच वेळा तरी.

फोनची काळजी करू नका. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा. २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो, बहुतेक ठिकाणी सोमवारी, त्यांच्या सुटीच्या दिवशी. रेसिफेचं घड्याळ तुमच्या पुढे असतं, उन्हाळ्यात तीन तास, हिवाळ्यात चार. त्याच्या बाबांना सोमवारच्या दुपारच्या मीटिंगा आत्तापासूनच हलवायला सांगा.

आणि स्टेटस कोणतं ते मला लगेच कळवा. एच-४ असेल तर आपल्याला या आठवड्यातच बोलायला हवं.