कुटुंबासाठी भाड्याचे घर घेताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आईवडील, पत्नी आणि मुलगी यांच्यासह राहण्यासाठी शहरात मोठे घर भाड्याने घेण्याचा तुझा विचार योग्य आहे. मात्र क्षेत्रफळ आणि भाडे यांची तुलना करून तू जी यादी पाठवली आहेस, तिच्यात घरातल्या माणसांचा दिवस कुठेच दिसत नाही, आणि माझ्या मते निवड त्यावरूनच व्हायला हवी. सकाळच्या एकाच अर्ध्या तासात कोणाकोणाला न्हाणीघर लागते, मुलगी अभ्यासाला कुठे बसेल, वडिलांना किती जिने चढवतात, हे आधी लिहून काढ. एकच न्हाणीघर असलेल्या प्रशस्त घरापेक्षा दोन न्हाणीघरांचे थोडे लहान घर तुम्हा पाच जणांना अधिक सोयीचे पडेल. क्षेत्रफळ विचारताना चटई क्षेत्रच, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरता येणारी जागाच विचार, आणि मोजपट्टी सोबत ने. पलंग खोलीत मावला, तरी तो जिन्याच्या वळणावरून वर जाईल का, हेही पाहावे लागते.

पाणी आणि ओल यांबाबत कोणाच्याही शब्दावर विसंबू नकोस. स्वयंपाकघरातला नळ सुरू ठेवून न्हाणीघरातलाही उघड. धार बारीक झाली, तर सकाळच्या घाईत काय होईल ते तिथेच कळते. न्हाणीघराच्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीतल्या कपाटाच्या आत आणि खिडकीखालच्या कोपऱ्यांत हात फिरवून पाहा. रंगाचे पोपडे, पांढरट क्षार किंवा कोंदट वास आढळला, तर ओल मुरलेली असण्याची दाट शक्यता असते. आणि बाकी घराचा रंग जुना असताना एकच भिंत नव्याने रंगवलेली दिसली, तर कारण विचारल्याशिवाय निघू नकोस. दमट घरातल्या बुरशीने लहान मुलांना आणि वृद्धांना श्वसनाचा त्रास लवकर होतो, म्हणून भाडे कितीही कमी केले, तरी असे घर तू घेऊ नयेस असे मला मनापासून वाटते.

परिसर कामाच्या दिवशी सकाळी एकदा आणि रात्री उशिरा एकदा, असा दोन्ही वेळी पाहा.

भाडे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावे, हा ढोबळ ठोकताळा आहे. त्यात देखभाल खर्च धरायला विसरू नकोस. अनामत रक्कम कधी परत मिळेल आणि कोणत्या कारणांसाठी कापली जाईल, मोठ्या दुरुस्त्या कोणी करायच्या, भाडेवाढ केव्हा व किती, घर सोडण्याआधी किती मुदतीची सूचना द्यायची, हे सारे करारात लेखी हवे. दलाल कितीही घाई करो, मालकीची कागदपत्रे पाहिल्याखेरीज विसार देऊ नकोस. किल्ल्या मिळतील त्या दिवशी, सामान आत नेण्यापूर्वी, प्रत्येक खोलीची, जुन्या डागांची आणि वीज-पाण्याच्या मीटरवरील आकड्यांची छायाचित्रे काढून घरमालकाला पाठव, म्हणजे आधीच्या नुकसानीची भरपाई पुढे तुझ्या अनामतीतून होणार नाही.

कराराचा मसुदा हाती आला की सही करण्यापूर्वी मला पाठव. आपण तो एकत्र वाचू.

तुझा हितचिंतक